पापांचा हिशेब कधी पुरा होतो?

मार्च १५२२. जर्मनीतील विटेनबर्ग या विद्यापीठाच्या गावी मार्टिन ल्यूथर सलग आठ दिवस रोज एक प्रवचन देत होता. १६ तारखेच्या शेवटच्या प्रवचनाचा विषय होता पापनिवेदन, म्हणजे धर्मगुरूपुढे एकांतात दिलेली आपल्या पापांची कबुली. पोपने ल्यूथरला बहिष्कृत करून वर्ष उलटले होते. ही जुनी प्रथा तो आता मोडीत काढणार, अशी अनेक श्रोत्यांची अटकळ असावी. ल्यूथरने तिच्या सक्तीला ठाम विरोध केला. पण एकांतातले पापनिवेदन आपल्यापासून कोणी हिरावून घेऊ शकणार नाही, त्यातून मिळालेल्या दिलाशावाचून सैतानाने आपला केव्हाच घास घेतला असता, असेही त्याने त्याच दमात सांगितले.

त्यानंतर जेमतेम आठवड्याभराने, शेकडो कोस दूर, कॅटलोनियातील मॉन्सेरातच्या डोंगरावर एक बास्क सरदार लंगडत पोहोचला. नाव इनिगो, वय तिशीच्या आसपास. आदल्या वर्षी पांप्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला होता. अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे वाचली आणि लष्करी कीर्तीचे स्वप्न मनावेगळे केले. मॉन्सेरातच्या बेनेडिक्टाइन मठात त्याने आयुष्यभराची पापे लिहून काढून कबूल केली. त्या कबुलीला तीन दिवस लागले. २४ मार्चच्या रात्री त्याने तलवार आणि खंजीर मारियामातेच्या वेदीपाशी ठेवले व रात्रभर तेथे जागरण केले. हाच पुढे येशूसंघाचा संस्थापक संत इग्नेशियस लोयोला म्हणून ओळखला गेला.

पाठ्यपुस्तकांत ही दोन माणसे समोरासमोरच्या छावण्यांत उभी केलेली असतात. एक प्रोटेस्टंट धर्मसुधारणेचा प्रवर्तक, दुसरा कॅथलिक पुनरुत्थानाचा सेनापती. हे खरेच आहे. पण दोघांनाही तरुणपणी एकाच प्रश्नाने जेरीस आणले होते: सारी पापे सांगून झाली, हे कशावरून? तो प्रश्न त्यांच्या मनात का उगवला, हे समजण्यासाठी आणखी हजार-बाराशे वर्षे मागे जावे लागते.

आरंभीच्या ख्रिस्ती समाजात एकांतातील कबुलीची प्रथा नव्हती. बाप्तिस्म्याने पूर्वीची सर्व पापे धुतली जात. त्यानंतर हातून मूर्तिपूजा, खून किंवा व्यभिचार यांसारखे भयंकर कृत्य घडले, तर प्रायश्चित्त होते. पण ते चारचौघांत, दीर्घकाळ आणि आयुष्यात एकदाच. त्या काळात पापी माणसाला ख्रिस्तप्रसाद मिळत नसे. नियम इतका कडक होता, की पुष्कळजण बाप्तिस्माच लांबणीवर टाकत. सम्राट कॉन्स्टंटाइनने तो ३३७ मध्ये, मरणशय्येवर घेतला. थेस्सलोनिकात आपल्या हुकमाने झालेल्या कत्तलीबद्दल सम्राट थिओडोसियसला बिशप अँब्रोजने ३९० मध्ये प्रायश्चित्त घ्यायला लावले, तेही याच जुन्या पद्धतीचे होते.

बदल आला तो आयर्लंडच्या मठांतून. सहाव्या-सातव्या शतकांतील आयरिश संन्यासी एकांतात कबुली ऐकत आणि ती कितीही वेळा ऐकत. त्यांच्याजवळ प्रायश्चित्तांच्या पोथ्या असत: अमुक पापाला इतके दिवस पाव-पाण्यावर उपवास, तमुक पापाला इतकी वर्षे. हे जवळजवळ दरपत्रकच होते. ही पद्धत युरोपात पसरू लागली, तेव्हा जुन्या वळणाचे बिशप संतापले. पाप करावे, क्षमा मागावी, पुन्हा पाप करावे, हा काय प्रकार, असा त्यांचा सूर होता. ५८९ च्या तोलेदो धर्मपरिषदेने असल्या वारंवारच्या क्षमेचा निषेधही केला. त्याचा उपयोग झाला नाही. सामान्य माणसाला आयुष्यात एकदाच मिळणाऱ्या क्षमेपेक्षा पुन्हा पुन्हा मिळणारी क्षमा जवळची वाटली, यात नवल नाही.

१२१५ मध्ये रोम येथे पोप तिसरा इनोसंट याच्या पुढाकाराने चौथी लॅटरन परिषद भरली. तिच्या एकविसाव्या नियमाने समजुतीच्या वयाला आलेल्या प्रत्येक ख्रिस्ती स्त्री-पुरुषाला वर्षातून किमान एकदा आपल्या धर्मगुरूपुढे सर्व पापे कबूल करणे आणि ईस्टरच्या काळात ख्रिस्तप्रसाद घेणे बंधनकारक केले. न करणाऱ्याला जिवंतपणी चर्चचे दार बंद, मेल्यावर ख्रिस्ती दफन नाही. त्याच नियमात धर्मगुरूला जखमेवर तेल आणि द्राक्षरस ओतणाऱ्या वैद्याची उपमा दिली आहे. कबुलीत ऐकलेले फोडणाऱ्याला पदच्युत करून कडक शिस्तीच्या मठात जन्मभर प्रायश्चित्तासाठी पाठवावे, असेही सांगितले आहे. एकाच परिच्छेदात दंडही आहे आणि मलमही. पुढच्या तीनशे वर्षांतला सगळा ताण या एका नियमात आधीच भरलेला दिसतो.

आता ‘सर्व पापे’ म्हणजे नेमकी कोणती? मध्ययुगीन ईश्वरशास्त्राने पापांचे दोन वर्ग केले. पहिला वर्ग प्राणघातक पापांचा. येथे प्राण म्हणजे आत्म्यातील ईश्वरी कृपेचे जीवन. अशा पापाने ते विझते, आणि क्षमेवाचून मरण आले तर नरक. दुसरा वर्ग क्षम्य पापांचा. त्यांनी जखम होते, मरण येत नाही. पाप प्राणघातक ठरण्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: बाब गंभीर असावी, ती गंभीर आहे याची पूर्ण जाणीव असावी आणि तरीही मनाने तिला समजूनउमजून संमती दिलेली असावी. एकही गोष्ट कमी असेल तर पाप त्या वर्गात बसत नाही. कबूल करणे बंधनकारक आहे ते फक्त पहिल्या वर्गाचे.

कागदावर ही व्याख्या उदार आहे. अपघाताने, अजाणता किंवा अर्धवट झोपेत मनात आलेला विचार तिच्या कचाट्यात सापडत नाही. पण हळव्या मनाच्या हाती तीच व्याख्या आली की काय होते? पूर्ण जाणीव होती की नव्हती? तो विचार नुसता आला, की क्षणभर मीही त्याला थारा दिला? मागच्या कबुलीत ही गोष्ट सांगितली खरी, पण सौम्य करून तर नाही ना सांगितली? तसे असेल तर ती कबुलीच खोटी, आणि खोटी कबुली हे आणखी एक प्राणघातक पाप. एका शंकेच्या पोटी दुसरी जन्मते आणि माणूस पुन्हा धर्मगुरूच्या दारात उभा राहतो.

या व्याधीला चर्चनेच नाव दिले. लॅटिनमध्ये ‘स्क्रुपुलस’ म्हणजे बारीक अणकुचीदार खडा. वहाणेत शिरलेला खडा दिसत नाही, पण पाऊल टेकू देत नाही. मराठीत त्याला ‘पापशंका’ म्हणता येईल. पॅरिस विद्यापीठाचा कुलपती जाँ जेरसाँ याने पंधराव्या शतकाच्या आरंभीच अशा भेदरलेल्या लोकांसाठी लिहिले होते. कबुलीच्या बाबतीत गणितासारखी खात्री मागू नये, व्यवहारात शहाण्या माणसाला पुरते तेवढी खात्री पुरे, हे त्याच्या उपदेशाचे सार. म्हणजे चर्चला हा आजार ठाऊक होता आणि औषधही ठाऊक होते. गोष्ट इतकीच, की औषध पुस्तकात होते आणि खडा वहाणेत.

ल्यूथर १५०५ मध्ये एर्फुर्टच्या ऑगस्टिनियन मठात दाखल झाला. त्याच्या कबुलीच्या हकीकती त्याने स्वतःच पुढे सांगितल्या. कधीकधी तो सहा-सहा तास कबुली देत बसे. उठून गेला की काहीतरी राहिल्याचे आठवून परत येई. त्याचा वरिष्ठ योहान फॉन श्टाउपित्स हा समजूतदार माणूस होता. तोही एकदा कंटाळून म्हणाला, की क्षमा मागायचीच तर खून, ईश्वरनिंदा, व्यभिचार असे काही खरेखुरे पाप घेऊन ये, ही किरकोळ गाठोडी कशाला आणतोस! या टोमण्यात थोडी चेष्टा होती आणि बरीच माया. ल्यूथरला त्याने आराम पडला नाही. त्याची अडचण पापाच्या आकाराची नव्हतीच. माणूस स्वतःच्या मनाचा तळ गाठू शकत नाही, मग संपूर्ण यादी होणार कशी, ही त्याची अडचण होती.

त्याचे पुढचे उत्तर सर्वांना माहीत आहे: क्षमा माणसाच्या हिशेबावर अवलंबून नाही, ती ईश्वराच्या वचनावर ठेवलेल्या श्रद्धेने मिळते. १० डिसेंबर १५२० रोजी विटेनबर्गच्या वेशीबाहेर त्याने पोपचे फर्मान जाळले, हा प्रसंग प्रसिद्ध आहे. त्याच आगीत ‘सुम्मा अँजेलिका’ हा कबुली ऐकणाऱ्या धर्मगुरूंचा लोकप्रिय मार्गदर्शक ग्रंथही टाकला गेला, हे सहसा सांगितले जात नाही. धर्मसुधारणेची सुरुवात म्हटली की पापदंड माफ करणाऱ्या पत्रकांची विक्रीच डोळ्यांपुढे येते. ती ठिणगी होतीच. पण त्या आगीत जळालेला हा ग्रंथ पाहिला, की खाली कोणते सरपण साचले होते ते कळते. त्याच ल्यूथरने दीड वर्षाच्या आत एकांतातल्या कबुलीची बाजू घेतली. १५३० च्या आउग्सबुर्ग निवेदनातही ल्यूथरपंथीयांनी कबुली ठेवली आणि प्रत्येक पाप मोजण्याची अट तेवढी काढली.

इनिगोकडे वळू. मॉन्सेरातहून तो जवळच्या मानरेसा गावी उतरला. चार दिवस राहायचे म्हणून गेला, जवळजवळ अकरा महिने राहिला. भिक्षा मागे, केस-नखे वाढवी, रोज सात तास प्रार्थना करी. सुरुवातीचे काही महिने मन शांत होते. मग शंका सुरू झाल्या. मॉन्सेरातला तीन दिवस लावून, लिहून दिलेल्या कबुलीत काही गोष्टी सुटल्या असाव्यात, असे त्याला वाटू लागले. त्याने पुन्हा कबुली दिली. समाधान नाही. गावच्या मुख्य चर्चमधील एका विद्वान धर्मगुरूने सांगितले, की आठवेल ते सारे लिहून काढ. त्याने लिहिले. त्यानंतर शंका आणखी बारीक झाल्या.

मागचे काही म्हणून सांगू नकोस, अशी आज्ञा आपल्याला धर्मगुरूने करावी, असे त्याला मनातून वाटे. पण ते त्यांना सुचवण्याचा धीर होईना. अखेर त्यांनी आपणहून तशी आज्ञा केली. मात्र तिला एक पुस्ती जोडली: एखादी गोष्ट अगदी स्पष्ट असेल तरच सांग. झाले! इनिगोला तर प्रत्येकच गोष्ट अगदी स्पष्ट वाटत होती. पापशंकेने ग्रासलेल्या माणसाला सूट देताना किती जपून शब्द वापरावे लागतात, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

डोमिनिकन मठातल्या त्याच्या खोलीत, प्रार्थनेच्या जागेशेजारी, एक मोठे भगदाड होते. त्यातून स्वतःला झोकून द्यावे, अशी ऊर्मी त्याला वरचेवर येऊ लागली. आत्महत्या हे पाप आहे हे ठाऊक असल्याने तो मोठ्याने ओरडे, की देवा, तुझा अपराध होईल असे काही मी करणार नाही. मग देव शांती देईपर्यंत अन्नपाणी घ्यायचे नाही, असा त्याने निश्चय केला. रविवार ते रविवार तो पूर्ण निराहार राहिला. कबुलीच्या वेळी धर्मगुरूला हे कळले, तेव्हा त्याने उपास सोडण्याची आज्ञा केली. न सोडल्यास पापक्षमा मिळणार नाही, असे बजावले. इनिगोने आज्ञा पाळली. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी प्रार्थनेत एक पाप आठवले, त्यावरून दुसरे, त्यावरून तिसरे. आणि त्या माळेच्या शेवटी त्याला आपल्या या नव्या जीवनाचीच शिसारी आली, ते सोडून द्यावेसे वाटले.

कलाटणी मिळाली ती इथे. एखाद्या स्वप्नातून जागे व्हावे तसे झाले, असे वर्णन त्याने पुढे केले. ज्या आठवणींचा शेवट निराशेत आणि देवापासून दूर जाण्यात होतो, त्या देवाकडून आलेल्या असतीलच कशा? पाप आठवणे धर्माचेच काम असेल, पण ही आठवण त्याला नेत कुठे होती? त्या दिवसापासून मागचे काहीही पुन्हा कबूल करायचे नाही, असे त्याने ठरवले. शंका मुळापासून उपटली गेली.

हा निर्णय नीट पाहण्यासारखा आहे. इनिगोने कबुलीची व्यवस्था नाकारली नाही, व्याख्याही बदलली नाही. पापांच्या यादीत आणखी एक ओळ घालायची की नाही, यावर झगडणे त्याने थांबवले आणि ती यादी लिहायला लावणारा आवाज कोणाचा, हे तपासायला सुरुवात केली. ल्यूथरने हिशेबाची वही जाळली. इनिगोने ती मिटली. दोघेही त्याच वहीखाली चिरडले गेले होते, एवढे तरी त्यांच्या अनुयायांनी लक्षात ठेवायला हरकत नव्हती. पण पुढचे शतक धर्मयुद्धांचे होते.

मानरेसाच्या टिपणांतून वाढत गेलेल्या ‘आध्यात्मिक साधना’ या इग्नेशियसच्या पुस्तकाला पोप तिसरा पॉल याने १५४८ मध्ये मान्यता दिली. त्यात पापशंकेवर अगदी थोडक्यात, पण मुरलेल्या वैद्याने लिहावीत अशी टिपणे आहेत. एक उदाहरण तेथे येते: वाटेत दोन काड्या योगायोगाने क्रुसाच्या आकारात पडल्या आहेत आणि कोणाचा तरी पाय त्यांवर पडला. हे पाप झाले असे त्याने ठरवले, तर ती नुसती चुकीची समजूत. समजावले की जाते. पापशंका ती वेगळी. पाप झालेही आणि झाले नाहीही, असे मन दोन्हीकडे ओढत राहते तेव्हा ती खरी पापशंका. इग्नेशियस तिला सरसकट वाईट म्हणत नाही. पापी जीवनातून नुकत्याच बाहेर पडलेल्याला ती थोडा काळ उपयोगी पडते, असे तो म्हणतो. पण बोथट मनाला शत्रू आणखी बोथट करतो आणि हळव्या मनाला आणखी हळवे. म्हणून ज्या बाजूला ओढ लागते तिच्या उलट दिशेला जावे.

१५५१ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने उत्तर दिले ते ल्यूथरला. २५ नोव्हेंबरच्या चौदाव्या सत्रात ठरले, की कसून आत्मपरीक्षण केल्यावर आठवणारे प्रत्येक प्राणघातक पाप, आणि त्याचा प्रकार बदलणारी परिस्थितीसुद्धा, कबूल करणे आवश्यक आहे. या अटीला विवेकबुद्धीचा छळ म्हणणाऱ्यांचा परिषदेने नाव न घेता समाचारही घेतला. पण त्याच मजकुरात एक दार उघडे ठेवले: प्रामाणिकपणे शोधूनही जे आठवले नाही, ते त्याच क्षमेत सामावले जाते. इग्नेशियसचे दोन जुने सोबती, लायनेझ आणि साल्मेरॉन, ईश्वरशास्त्रज्ञ म्हणून तेथे हजर होते.

यानंतरचा काळ कबुलीच्या विस्ताराचा. मिलानचा आर्चबिशप कार्लो बोर्रोमेओ याने जाळीच्या आडपडद्याची लाकडी खोली रूढ केली; सिनेमात दिसणारी ती खोली मध्ययुगीन नाही, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातली आहे. कोणती शंका कुठवर मान्य करावी, यावर ग्रंथांचे डोंगर उभे राहिले. येशूसंघी धर्मगुरू पळवाटा शोधून देतात, असा आरोप ब्लेझ पास्कालने १६५६-५७ च्या पत्रांत असा काही केला, की तो डाग त्यांना कायमचा चिकटला. आरोप अगदीच निराधार नव्हता. १६७९ मध्ये पोप अकराव्या इनोसंटने ६५ ढिली मते निषिद्ध ठरवली. पण त्या ग्रंथकारांपुढे इनिगोसारखी माणसेही बसत होती, हे पास्कालच्या विनोदात हरवून जाते.

हाच वारसा गोव्यातही उतरला. इग्नेशियसचा पॅरिसमधील खोलीसोबती फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात आला. १५४९ मध्ये होर्मुझला निघालेल्या गास्पार बार्झेउस या सहकाऱ्याला त्याने लेखी सूचना दिल्या. लाजेने किंवा भीतीने अडखळणाऱ्यांना धीर देऊन, सबुरीने कबुली ऐकावी, यावर त्यांत भर आहे. कोकणीत कबुलीला ‘कुमसार’ म्हणतात, तो शब्द पोर्तुगीज ‘कॉन्फेसार’वरून आलेला. १५६० मध्ये गोव्यात आलेले इन्क्विझिशन ही मात्र वेगळी संस्था होती. ते न्यायालय होते, कुमसार हा संस्कार. दोन्हींत पापे विचारली जातात म्हणून त्यांची सरमिसळ करणे इतिहासाला धरून नाही.

या परंपरेतले शेवटचे मोठे नाव आल्फोन्सो लिगुओरी याचे. १६९६ मध्ये नेपल्सजवळ जन्मलेला हा माणूस आधी वकील होता. १७२३ मध्ये एक मोठा खटला हरल्यावर त्याने वकिली सोडली आणि पुढे तो धर्मगुरू झाला. १७४८ मध्ये त्याच्या ‘नैतिक ईश्वरशास्त्र’ या ग्रंथाची पहिली आवृत्ती निघाली. फार कडक आणि फार ढिल्या, अशा दोन्ही मतांमधली वाट त्याने काढली. आजचा मानसोपचारतज्ज्ञ इनिगोच्या मानरेसातील लक्षणांना कदाचित मंत्रचळ म्हणेल. पाचशे वर्षांपूर्वीच्या माणसाचे निदान करणे धोक्याचेच, पण लिगुओरीचा उपायही वैद्याच्या वळणाचा होता: शंकाकुल माणसाने स्वतःच्या निवाड्यावर विसंबू नये, एकच धर्मगुरू धरावा आणि तो ‘पुरे’ म्हणाला की थांबावे.

हा उपाय त्याने पुस्तकातून घेतला नव्हता. तो स्वतः जन्मभर पापशंकेने पछाडलेला होता. आपल्या सल्लागार धर्मगुरूंच्या आज्ञा तो एका खासगी वहीत टिपून ठेवी: काळजीचे कारण नाही, पुन्हा कबुली द्यायची नाही, जेवायचे, मिस्सा करायची. १७८७ मध्ये, नव्वदीच्या घरात, तो पागानी येथील मठात वारला. १८७१ मध्ये पोपने त्याला चर्चचा आचार्य ठरवले, १९५० मध्ये कबुली ऐकणाऱ्या सर्व धर्मगुरूंचा आश्रयदाता संत. युरोपभरचे धर्मगुरू कोणाला केव्हा क्षमा द्यावी, हे त्याच्या ग्रंथात पाहून ठरवत होते. त्याच वर्षांत तो म्हातारा माणूस मठातल्या आपल्या खोलीत सोबत्यांना बोलावून विचारत असे, की आपल्याला खरोखर क्षमा मिळाली आहे ना.